चाचीच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

सहा देश आगगाडीनं पालथे घालायचे, हे खूळ माझं एकट्याचं नव्हतं. कन्हेरीचा माझा एक मित्र आहे, आयटीआयपासूनचा. तो साखर कारखान्याच्या बॉयलरवरून रिटायर झाला. माझं इंदापुरात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती माझ्याकडं आणून टाकतात, मी जळकी तार उपसून नवी भरतो. नवी तार भरताना डोळे लागतात, जुनी उपसताना नाही. तेवढ्या वेळात मी समोर मोबाइल टेकवून परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचो. इस्तंबूलला बसलं की बल्गेरिया, रोमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया करत जर्मनीपर्यंत रुळावरून जाता येतं, हे मला तिथंच कळलं. मित्राला दाखवलं. त्याची बायको नुकतीच वारली होती, घर त्याला खायला उठायचं. तो असा काही पेटला की पुढची चार वर्षं प्लॅस्टिकच्या फायलीत कागद जमवत बसला. कोणत्या स्टेशनात किती वेळ थांबायचं, कोणत्या बाजूच्या खिडकीतून नदी दिसते, सगळं त्याच्या फायलीत होतं. त्याची एक अट होती. आपला प्रवास बारामतीच्या स्टेशनातून सुरू व्हायचा, कारण तिथं रूळ संपतो, आणि जिथं रूळ संपतो तिथूनच निघायचं असतं. असलं काहीतरी तो बोलायचा. मी हो म्हणायचो.

आमचं घर वरकुट्याला. घरात मी, बायको आणि आई. मुलगी लग्न होऊन पुण्याला. आईचं वय ऐंशीच्या पुढंमागं, पण कणा ताठ. दोन म्हशींचं दूध ती स्वतः काढायची, आणि मी मदतीला गेलो तर म्हणायची, "तू मोटारीच पिळ." माझ्या प्रवासाबद्दल तिचं मत साधं होतं. साठीला आलेल्या माणसाच्या पायाला भिंगरी लागणं चांगलं नाही, पण लागलीच आहे तर नीट फिरून यावं.

निघायचा दिवस शनिवार होता. आम्ही तिकिटं काढताना तारखा बघितल्या. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघितली. शनिवारी अमावास्या होती.

"अवसंला घराबाहेर पाय टाकतुयास आन् ते बी साता समुद्रापल्याड?" ती म्हणाली.

"समुद्र विमानानं ओलांडायचा आई. पुढं गाडीच आहे."

"गाडी असू नायतर घोडं असू. परस्तान ठिवायचं."

प्रस्थान ठेवणं आमच्याकडं नवं नव्हतं. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी माणसाचा एखादा कपडा, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या घरी नेऊन ठेवायचं. ते गाठोडं घराबाहेर गेलं की माणूस निघाला असं धरायचं. मग तो दोन-तीन दिवस घरात जेवू दे, झोपू दे, तो पाहुणा. जायच्या दिवशी त्या घरून गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढं जायचं, आपल्या उंबऱ्याकडं परत वळायचं नाही. आमच्या पश्चिमेला शेजारच्या चाचीचं घर; नात्याची नाही, सगळं गाव तिला चाची म्हणतं. चाचाचं किराणा दुकान पुढच्या अंगाला आणि घर मागं. मी आयटीआयला बारामतीत राहायला गेलो तेव्हाचं, मुलगी शिकायला गेली तेव्हाचं, सगळी प्रस्थानं चाचीच्या फडताळात राहिली होती. आई आणि चाची एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, तेव्हापासून दोघींचं मेतकूट.

आणि जाणं रद्द झालं तर ते तोंडानं सांगायचं नाही, अशीही रीत होती. गाठोडं परत घरात आणायचं. माझे वडील एकदा सुरतेला कामाला निघाले होते. प्रस्थान ठेवून झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बैल मेला. आई काही न बोलता चाचीकडं गेली, गाठोडं आणून खुंटीला अडकवलं, आणि सगळ्यांना कळलं की जाणं मोडलं. वडील पुन्हा कधी सुरतेचं बोलले नाहीत.

मला या सगळ्याचं हसू यायचं. मी मोटारीला मीटर लावून बघणारा माणूस. करंट आहे की नाही, एवढंच मला समजतं. बुधवारी आईनं माझा निळा शर्ट घडी घालून गाठोड्यात बांधला तेव्हा मी म्हणालो, "शर्ट गेला पुढं, त्याला म्हणावं खिडकीची जागा धर." बायको हसली. आई हसली नाही, पदराखाली गाठोडं घेऊन चाचीकडं गेली.

गुरुवारी दुपारी बायकोचा दुकानात फोन आला. "आत्याबाईंचं तोंड वाकडं झालंय. बोलतात ते काय कळंना."

मी हातातली तार टाकून निघालो. वीस-पंचवीस मिनिटांत घरी पोहोचलो. तोवर आई ओसरीवर बसून होती, तोंड सरळ, बोलणं जवळजवळ नेहमीसारखं. उजव्या हाताची बोटं मात्र ती सारखी चोळत होती. "पित्त झालं असंल," म्हणाली. मी ऐकलं नाही. घरच्या व्हॅनमध्ये घालून इंदापूरला नेलं, आणि तिथल्या सांगण्यावरून शुक्रवारी सकाळी बारामतीला. तिथं डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. त्यांनी आईसमोरच सांगितलं.

"हा इशारा होता. या वेळी आपोआप सुटलं, दर वेळी सुटत नाही. गोळ्या देतोय, पण पुढचे पंधरा दिवस फार जपायचे. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ अडखळली की थांबायचं नाही, बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही. तीन-चार तासांच्या आत इथं आणलंत तर बरंच वाचवता येतं. घरात गाडी चालवणारं कुणी आहे ना?"

मी "आहे" म्हणालो. त्या क्षणी ते खरं होतं.

परत येताना आई पुढच्या सीटवर बसली होती. बराच वेळ चाऱ्याच्या ट्रॅक्टरमागं हळूहळू जावं लागलं. मी बोलत नव्हतो, कारण मला काय बोलायचं ते ठाऊक होतं आणि ते बोलायचं नव्हतं. पंधरा दिवस जपायचे, आणि मी बारा दिवस नसणार. गाडी चालवणारा घरात मी एकटा. बायकोनं कधी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. एवढा सरळ हिशेब होता.

शेवटी आईच म्हणाली, "उद्या जाणार न्हवं?"

"बघू."

"बघू काय त्यात. परस्तान गेलंय. निघाल्यालं माणूस मागं फिरत न्हाय."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"आयकलं की. ते पगारी बोलणारच. मला काय धाड भरलीय? तू जा."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं. ज्या रीतीची मी आयुष्यभर टिंगल केली, तिच्याच मागं मी लपलो. प्रस्थान गेलंय, आता माझ्या हातात काय आहे, असं मी मनाला सांगितलं, आणि संध्याकाळी बायकोलाही हेच ऐकवलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमी कवापास्नं हे मानायला लागला?" एवढंच म्हणाली.

मी व्यवस्था लावली. आम्हा पुरुषांना व्यवस्था लावली की सुटल्यासारखं वाटतं. व्हॅनची किल्ली चाचाकडं दिली. या वयातही ते गाडी चालवायचे, दुकानाचा माल स्वतःच आणायचे. डॉक्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून भिंतीला चिकटवला. गोळ्यांच्या पुड्या करून त्यावर वार लिहिले. मित्राला फोन करून आईचं सांगितलं. तो म्हणाला, "तू न्हाय आलास तर मी बी न्हाय जाणार. तुज्यावर हाय." त्याचं ऐकून मला अजून एक कारण मिळालं. चार वर्षं खपलेल्या एकट्या माणसाचं स्वप्न आपण कसं मोडायचं, असं मी म्हणू शकत होतो.

दिवेलागणीला मी आतल्या खोलीत बॅग भरत होतो. आई दारात येऊन उभी राहिली. मी मोबाइलवर तिला नकाशा दाखवला, इथून इथून असं बोट फिरवलं.

"बारा दिस म्हंजी कोणत्या वारी येशील?" तिनं विचारलं.

"गुरुवारी."

"येत्या न्हवं, त्याच्या पुढच्या?"

"हो. शर्ट आधीच गेलाय, त्याला विचार."

ती बरं म्हणाली. मग म्हणाली, "चाचीकडं जरा बसून येते." मी वर न बघता "हळू जा" म्हणालो. ती कधी परत आली ते मला कळलं नाही. मी मोज्यांच्या जोड्या लावत होतो आणि खरं सांगायचं तर शीळ वाजवत होतो.

शनिवारी सकाळी मित्र भाड्याची जीप घेऊन दारात आला. मी आईच्या पाया पडलो. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, डावा. "वेळेवर खा," म्हणाली. बायकोनं हातावर दही दिलं. बॅग जीपमध्ये टाकली आणि मी गाठोडं आणायला चाचीकडं चालत गेलो. दोन घरांत वीस पावलांचं अंतर.

चाचीनं फडताळातून गाठोडं काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "तिनं सांगू नगं म्हणून बजावलंय. पण माज्यानं ऱ्हावत न्हाय."

"काय झालं?"

"काल सांजच्याला तुजी आई आली आन् हे घिऊन गेली. म्या इचारलं, का गं, जाणं मोडलं का त्याचं? तर म्हणली, मोडलं. पोरगं ऱ्हातंय म्हणली. अशी खुशीत व्हती. मला बी बरं वाटलं, च्या करून दिला तिला. आन् आज तांबडं फुटायच्या आत परत घिऊन आली. म्हणली, ठेव बाई. जाऊ दे त्याला. लई दिसाचं मनात हाय त्याच्या."

मी गाठोड्याची गाठ बघत होतो, ती आईच्याच हातची होती.

"रातभर उशाला घिऊन निजली असंल," चाची म्हणाली. "आता तुज्या मनाला ईल ते कर बाबा. मी माजं सांगितलं."

चाचीच्या दारातून आमची ओसरी दिसते. आई खांबाला धरून उभी होती, माझ्याकडंच बघत. एवढ्या लांबून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मला वीस पावलं चालून परत जाता आलं असतं. गाठोडं खुंटीला अडकवलं असतं तर एक शब्दही बोलावा लागला नसता. वडील तेवढ्यावर राहिले होते, तेही एका बैलासाठी. बाहेर मित्रानं हॉर्न वाजवला.

मी गाठोडं घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसलो. उंबऱ्याकडं वळायचं नसतं, म्हणून मी वळूनही बघितलं नाही. रीत पाळली.

"काय झालं? तोंड का पडलंय?" मित्रानं विचारलं.

"काही नाही."

चोराच्या मनात चांदणं. बारामतीपर्यंत मला वाटत होतं की याला सगळं कळलंय आणि हा मुद्दाम गप्प बसलाय. त्याला काहीच कळलं नव्हतं. तो फायलीतले कागद चाळत होता. स्टेशनात पोहोचल्यावर तो फलाटाच्या टोकाला, जिथं रूळ संपतो तिथं गेला आणि वाकून रुळाला हात लावून आला. मला म्हणाला, तू पण लाव. मी लावला. दौंडची गाडी सुटली. दौंडला पोहोचल्यावर मी घरी फोन केला.

"बसायला जागा मिळाली का?" आईनं विचारलं.

"मिळाली. तुला कसं वाटतंय?"

"मला काय हुतंय? म्हशीला सरकी घालतेय."

मी आणखी काही विचारलं असतं तर तीही आणखी काही बोलली असती का, ठाऊक नाही. मी ठेवतो म्हणालो.

पुढचे काही दिवस मी सुखात होतो. हे मला लपवायचं नाही. माझ्या मनाला टोचणी होती आणि मला अन्न गोड लागत नव्हतं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मला अन्न गोड लागत होतं. मुंबईहून विमानानं इस्तंबूल गाठलं, तिथून सुटलेल्या गाडीत आम्हाला दोन बर्थची छोटी खोली मिळाली होती, तिला आतून कडी होती, धुवायला बेसिन होतं. मित्र लहान पोरासारखा ती कडी लावून उघडून बघत होता. बल्गेरियात सकाळी जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं होती आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं की या लोकांना पाण्याची ददात दिसत नाही. सोफियात आम्ही दही खाल्लं आणि आमच्याकडच्या म्हशीच्या दह्यापुढं ते काहीच नाही असं ठरवलं. गाठोडं माझ्या बॅगेत तळाशी होतं. मी ते उघडलं नाही. निळा शर्ट घालायला म्हणून आणला होता, तो घातलाच नाही.

रोज आपल्याकडच्या संध्याकाळी, म्हणजे तिथल्या दुपारी, बायको फोन धरायची आणि आई त्यात डोकवायची. सोफियाहून बुखारेस्टला जाताना डॅन्यूब नदी लागते, त्यावर लांबलचक लोखंडी पूल आहे. मी पुलावरूनच फोन लावला आणि कॅमेरा खिडकीला धरला.

"उजनीएवढं पाणी हाय की रं," आई म्हणाली.

"त्याहून जास्त असेल."

"उजनीचं पाणी उभं ऱ्हातंय. हे चालतंय व्हय?"

"चालतंय. पलीकडं दुसरा देश आहे."

"बरं," ती म्हणाली. "जपून जा." मग पूल संपला.

तिचं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी आम्ही बुखारेस्टहून बुडापेस्टच्या गाडीत होतो. दिवसभर डोंगर, फोनला रेंज येऊन-जाऊन. मी खिडकीशी बसून उकडलेल्या बटाट्यांचा डबा उघडला असेल, साधारण त्याच वेळी वरकुट्यात आईच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. बायकोला वाटलं, मागच्यासारखं तासाभरात सुटेल. आईनंही हातानं थांब थांब अशी खूण केली. दीड तास त्यात गेला. मग बायको चाचाकडं धावली, तर चाचा माल आणायला बारामतीला गेलेले, आणि किल्ली त्यांच्या खिशात. त्यांचा काय दोष? त्यांनी दुकान बंद करून माझ्या आईची राखण करत बसायचं कबूल केलं नव्हतं. बायकोनं मला फोन लावले. लागले नाहीत, आणि लागले असते तरी मी त्या डोंगरातून काय करणार होतो? १०८च्या गाडीची दोन तास वाट बघितली, ती आली नाही, मग रस्त्यावर उभं राहून तिनं एक टेम्पो अडवला. बारामतीत पोहोचेपर्यंत सहा तास होऊन गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, गाडी चालवणारे कुठं आहेत?

मला हे दोन दिवस कुणी सांगितलं नाही. परमुलखात कळून काय करणार, म्हणून बायकोनं आणि चाचीनं ठरवून लपवलं. त्या दिवशी नेहमीच्या वेळी मी फोन केला तेव्हा बायको म्हणाली, "झोपल्यात." दुसऱ्या दिवशीही म्हणाली, "आत्ताच झोपल्यात." आई दिवस मावळायला कधी झोपत नाही. मला ते ठाऊक होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या हौदात मी आणि मित्र तासभर बसलो. व्हिएन्नाच्या स्टेशनात उतरलो तेव्हा मुलीचा फोन आला आणि तिनं सगळं सांगितलं. मित्राला मी म्हणालो, तू पुढं जा, तुझी फाइल पुरी कर. तो गेला नाही. माझ्याबरोबर विमानानं परत आला, आणि आजतागायत त्यानं जर्मनीचं नाव काढलेलं नाही.

आई बारामतीच्या दवाखान्यात होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. समज मात्र पूर्ण होती, तेच जास्त कठीण. मला बघून तिनं डाव्या हातानं माझा शर्ट ओढला आणि तोंडाकडं बोटं नेऊन विचारलं, जेवलास का?

मग ती घरी आली आणि ओसरीवरच्या खाटेवर राहिली, जवळजवळ वर्षभर. मी दुकान दुपारपर्यंतच उघडं ठेवायचो. तिला भरवायचो, कूस बदलायचो, पाठीला पावडर लावायचो. म्हशी विकल्या. संध्याकाळी ती डाव्या हाताची मूठ करून खाटेच्या काठावरून पुढं सरकवायची. म्हणजे गाडी. गाडीचं सांग. मी सांगायचो. आतून कडी असलेली खोली, सूर्यफुलं, फिकं दही, चालणारं पाणी. तिला सगळं पाठ झालं होतं. एखादं स्टेशन मी गाळलं तर हात हलवून थांबवायची. सूर्यफुलांपाशी आलो की अर्ध्या तोंडानं हसायची. चाची रोज शेजारी येऊन बसायची, तीही ऐकायची. कधी चाची म्हणायची, "आपण दोघी बी जाऊ गं ह्याच्यासंगं," आणि आई मान डोलवायची. तिच्या आजारपणातला तो एवढाच वेळ बरा होता.

मला मात्र तो सोसेना. ती जेवढ्या आवडीनं ऐकायची तेवढं मला आतून कुरतडायचं. तिला वाटत होतं, मला काही ठाऊक नाही. तिनं जा म्हटलं म्हणून मी सरळ मनानं गेलो, असं तिच्या हिशेबी होतं. बायकोला मी ही गोष्ट सांगितली नव्हती, मित्राला सांगितली नव्हती. आईला सांगून टाकावं, पाय धरावेत, ती रडेल, मी रडेन, आणि मग मोकळं होईल, असं मला वाटायला लागलं. त्यात मोकळं कोण होणार होतं, ते मी बघितलं नाही. परत एकदा मी माझीच सोय बघत होतो.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला पेज भरवली, तोंड पुसलं, आणि सांगितलं.

"आई, शुक्रवारी तू गाठोडं परत आणलं होतंस. चाचीनं मला निघताना सांगितलं. मला ठाऊक होतं तुला काय पाहिजे ते. ठाऊक असून मी गेलो."

ती माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. मला वाटलं, तिला कळलं नाही, म्हणून मी मूर्खासारखं परत सांगितलं. तेव्हा तिनं नजर काढून घेतली. आधी आढ्याकडं बघितलं, मग चाचीच्या घराकडं, बराच वेळ. मी तिचा हात धरला होता, तो तिनं हळूच सोडवून घेतला आणि पदर तोंडावर ओढला. आपलं भ्यालेलं मन आपण लेकाला दिसू दिलं नाही, एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती. मी तीही काढून घेतली. हे मला त्या पदराकडं बघताना कळलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

त्या संध्याकाळी तिनं मूठ सरकवली नाही. मी आपणहून सांगायला लागलो, तर डोळे मिटून घेतले. नेहमीच्या वेळी चाची आली आणि खाटेशी बसली, तर आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. चाचीला वाटलं, झोप आली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. चाचीनं तिच्यासाठी शिरा करून आणला, तिनं ओठ उघडले नाहीत. साठ-बासष्ट वर्षांपासूनची मैत्रीण, जिच्याजवळ तिनं एक गोष्ट विश्वासानं ठेवली होती, तिनंच ती फोडली, एवढंच आईला दिसत होतं. बोलता आलं असतं तर दोघी कडाकडा भांडल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत चहाला बसल्या असत्या. आईला बोलता येत नव्हतं, आणि मी तोंड उघडलं नाही. दीड महिन्यानं ती गेली. तोवर चाची रोज येत राहिली, खाटेपासून जरा लांब, उंबऱ्याजवळ बसून जात राहिली.

तेराव्याची माणसं पांगल्यावर चाचीनं मला बाजूला बोलावलं. तिचे डोळे सुजले होते.

"एक इचारू का रं?" ती म्हणाली. "शेवटाला तिला काय झालं व्हतं? माज्याकडं बघायची न्हाय. माजं काय चुकलं का?"

मी म्हणालो, "नाही चाची. आजारानं तसं होतं. माणूस ओळखू येत नाही."

"व्हय, तसंच असंल," चाची म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत घरी गेली.